शंभरपैकी बहात्तर?

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाबाहेर एक बाक आहे. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून पहाटेच्या एसटीने निघालेली आई आणि आश्रमशाळेत चौथीत शिकणारा तिचा मुलगा त्यावर बसले आहेत. आईच्या हातात शाळेने दिलेली चिठ्ठी आहे : 'मुलगा अभ्यासात फार मागे आहे. बुद्ध्यंक तपासून मिळावा.' आत जाऊन दीड तासाने मुलगा बाहेर येतो आणि केसपेपरवर एक आकडा उमटतो, ७२. आईला अक्षरे वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. ती विचारते, 'शंभरातले बहात्तर ना, मॅडम? मग हुशारच आहे की हा!'

ही आई आणि हा मुलगा कल्पनेतले आहेत. पण असा बाक, अशी चिठ्ठी आणि असा प्रश्न राज्यातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात भेटेल. आईचा गैरसमज ऐकून हसू येईल, पण शिकल्यासवरलेल्यांचे गैरसमजही फार वेगळे नसतात. कोणी त्या आकड्याला गुण समजतो, कोणी उंचीसारखे पक्के माप समजतो, तर कोणी थेट नशीबच समजतो. आकड्याचे वजन मात्र खरोखर मोठे असते. ढोबळमानाने ७०च्या खाली बुद्ध्यंक असेल आणि रोजच्या व्यवहारातही मूल तितकेच मागे असेल, तर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. त्याचे प्रमाणपत्र मिळाले की सवलती आणि विशेष शिक्षणाची दारे उघडतात. न मिळाल्यास मूल आहे त्याच वर्गात, आहे तसेच मागच्या बाकावर राहते. उलट, चुकून मिळाले तर 'मंद' हा शिक्का आयुष्यभर पुसत नाही. म्हणून हा आकडा येतो कसा, हे समजून घ्यायला हवे.

सुरुवात पॅरिसमध्ये

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि सगळ्या थरांतली मुले शाळेत आली. काहींना नेहमीच्या वर्गात शिकणे जमेना. अशा मुलांना वेगळी मदत द्यायची, तर ती ओळखायची कशी? केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबले, तर खोडकर मूल आणि खरोखर मागे असलेले मूल यांत गफलत होणार. शासनापुढच्या या अडचणीवर आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली तोडगा काढला. सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी ३० छोटी कामे त्यांनी ठरवली. १९०८ मध्ये ही कामे वयानुसार लावली गेली. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना जमणारी कामे ज्याला जमतात, त्याचे 'मानसिक वय' आठ, अशी ती कल्पना होती.

पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचे सुचवले. अमेरिकेत लुईस टर्मन यांच्या १९१६च्या आवृत्तीने त्या भागाकाराला १००ने गुणणे रूढ केले. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ आले, तर बुद्ध्यंक ८०. हिशेब सुटसुटीत, पण मोठ्यांना लागू पडत नाही. चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय विशीतल्यापेक्षा दुप्पट नसते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करणारे डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडून दिला आणि प्रत्येकाची तुलना थेट त्याच्या वयोगटाशी केली. गटाची सरासरी १०० धरायची आणि माणूस तिच्यापासून किती दूर आहे ते पाहायचे. आज बुद्ध्यंक म्हणतात तो प्रामुख्याने असाच काढलेला असतो. अशा मोजपट्टीवर शंभरातली साधारण ६८ माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि ९५ माणसे ७० ते १३० च्या दरम्यान.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ७२ हे शंभरातले गुण नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. त्याच्याच वयाची शंभर मुले कमीकडून जास्तीकडे उभी केली, तर हा मुलगा साधारण तिसऱ्या जागी उभा राहील. पण ही रांग कोणत्या मुलांची, हा पुढचा प्रश्न आहे आणि तोच कळीचा आहे.

माणसांची मोजपट्टी

रक्तदाब मोजताना रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवतात, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवतात, पट्टा दंडाच्या मापाचा घेतात. घाईघाईत, जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा कोणी खरा मानत नाही. मानसशास्त्रीय चाचणीचेही तसेच असते. प्रत्येक मुलाला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, तितकाच वेळ देऊन विचारायचा आणि उत्तराला गुण देण्याचा नियमही सगळ्यांना एकच ठेवायचा. मूल अडले म्हणून तपासणाऱ्याने इशारा द्यायचा नाही. उत्तेजन द्यायचे, पण उत्तर बरोबर की चूक हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. प्रश्न आधी फुटले, तर चाचणी निकामी होते. म्हणून ते छापले जात नाहीत आणि मुलाकडून ते आधी घोटून घेणे म्हणजे ताप मोजण्याआधी बर्फ चोखण्यासारखे आहे.

इथवरचे साम्य ठीक. पण रक्तदाबाला पाऱ्याची उंची हा आधार आहे. मनाच्या गुणांना असा पारा नाही. तिथे मोजपट्टी माणसांचीच बनवावी लागते. चाचणी तयार झाली की ती आधी मोठ्या, विचारपूर्वक निवडलेल्या गटाला देतात. त्यात मुलगे आणि मुली, शहर आणि खेडे, निरनिराळे आर्थिक थर हवेत. त्या गटाने केलेल्या कामगिरीची कोष्टके तयार होतात. त्यांना प्रमाणके म्हणतात. पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाची तुलना या कोष्टकांशी होते. चाचणी 'प्रमाणित' आहे याचा अर्थ एवढाच : देण्याची रीत ठरलेली आहे आणि तुलनेचा गट माहीत आहे.

मराठी मुलांसाठी हे काम फार पूर्वीच झाले. धारवाड मुंबई प्रांतात होते त्या काळी तिथले व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती घेऊन ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत' हे नाव आजही आपल्या रुग्णालयांच्या केसपेपरवर दिसते. नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीला भारतीय रूप दिले, ती १९६९ची. त्या काळात एकेका माणसाने अशी कामे उभी केली, हे थोरच. पण मोजपट्टीही जुनी होते.

ती कशी होते, हे न्यूझीलंडमधले संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. विसाव्या शतकात अनेक देशांत लोकांचे चाचण्यांतले गुण दर दशकाला सरासरी ३ने वाढत गेले होते. मेंदू बदलला म्हणून नव्हे. शाळा, पोषण, लहान कुटुंबे, चित्रे आणि कोडी यांची सवय अशी कारणे त्यासाठी दिली जातात. म्हणून आजच्या मुलाला आजोबांच्या पिढीशी तोलले, तर तो आहे त्याहून पुढे दिसतो. ज्या मुलाला मदतीची खरी गरज आहे, त्याचा आकडा जुन्या कोष्टकांमुळे ७०च्या वर सरकू शकतो आणि प्रमाणपत्र हुकते. दुसऱ्या बाजूला, शहरातल्या शाळांवर बेतलेली कोष्टके पाड्यावरच्या मुलाला लावली, तर तो आहे त्याहून मागे दिसतो.

काट्याची थरथर

वाण्याचा काटा दर वेळी वेगळे वजन दाखवू लागला, तर तो उपयोगाचा नाही. चाचणीही पुन्हा दिल्यावर जवळपास तोच निकाल यायला हवा. या गुणाला विश्वसनीयता म्हणतात आणि ती ० ते १ च्या दरम्यान मोजली जाते. पण चांगल्यात चांगल्या चाचणीचीही विश्वसनीयता पुरती १ नसते. मूल रात्री झोपले नव्हते, एसटीत उलटी झाली होती, अनोळखी खोलीत बुजले होते, एक उत्तर सहज अंदाजाने बरोबर आले, अशा कारणांनी काटा थोडा थरथरतोच.

ही थरथर किती, याचा हिशेब करता येतो. समजा, एखाद्या चाचणीची विश्वसनीयता ०.९१ आहे. ही चांगली समजली जाते. तरीही तिच्या आकड्यात सुमारे साडेचार गुणांची चूक गृहीत असते. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर दोन्ही बाजूंना सुमारे ९ गुण सोडावे लागतात. म्हणजे आपल्या मुलाचे ७२ हे खरे तर '६३ ते ८१ च्या दरम्यान कुठेतरी' आहेत. ७०ची रेघ या पट्ट्याच्या आतूनच जाते! ७२ आले म्हणून 'नाही' आणि ६९ आले म्हणून 'आहे' असे केवळ आकड्यावरून ठरवले, तर ते चिठ्ठी टाकून ठरवण्यासारखेच होईल.

म्हणूनच दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ एका आकड्यावर थांबत नाही. बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत त्याने दोन गोष्टी मागितल्या आहेत : विचार करणे, शिकणे, प्रश्न सोडवणे यांतली मर्यादा आणि रोजच्या सामाजिक व व्यावहारिक वागण्यातली मर्यादा. दुसरीसाठी वेगळी मोजपट्टी लागते. अमेरिकेतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये तिची पहिली आवृत्ती काढली. भारतीय रूप पुन्हा मालिन यांचेच, नागपूरचे. यात मुलाला कोडी घालत नाहीत. आईला विचारतात : स्वतः जेवतो का, आंघोळ करतो का, दुकानातून सामान आणतो का, एकटा कुठवर जातो?

अचूक, पण कशाचे माप?

सोनाराचा काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक असतो. पण दागिना २२ कॅरटचा आहे की पितळेवर मुलामा आहे, हे तो सांगत नाही. काटा विश्वासू आहे, मात्र वजन पाहून कस ठरवला तर दोष आपला. चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच ती मोजते का, या प्रश्नाला यथार्थता म्हणतात. एकच चाचणी एका कामाला यथार्थ आणि दुसऱ्या कामाला कुचकामी असू शकते.

आपल्या मुलाचेच पाहा. घरी तो पावरी बोलतो. मराठी त्याला आश्रमशाळेत भेटली. चाचणी मराठीत झाली आणि बिने-कामत चाचणीत भाषेवर बराच भार आहे. शब्दाचा अर्थ सांगायला तो अडखळला, तेव्हा त्याची बुद्धी अडली की मराठी? आकड्याला हे माहीत नाही. ते तपासणाऱ्यालाच शोधावे लागते.

चाचणीचे भाषांतर करून हा प्रश्न सुटत नाही. इंग्रजीत उदास वाटण्याला 'निळे वाटणे' म्हणतात. ते शब्दशः उतरवले, तर रुग्ण छताकडे पाहील. म्हणून भाषांतर झाले, की ते दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलटे करून घेतात, दोन्ही ताडून पाहतात, काही लोकांवर वापरून अडणारे शब्द बदलतात आणि मग त्या भाषेच्या लोकांवर नवी कोष्टके तयार करतात. भाषा टाळणाऱ्या चाचण्याही आहेत. इंग्लंडच्या जॉन रेव्हन यांची १९३८ची चाचणी आकृत्यांमधला तुटलेला तुकडा शोधायला सांगते. उत्तर प्रदेशात चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये हाताने करायच्या कामांची मालिका तयार केली आणि साक्षर व निरक्षर मुलांसाठी कोष्टके वेगवेगळी ठेवली. ज्याने कधी पाटी हातात धरली नाही, त्याला शाळेत गेलेल्याशी तोलू नये, ही साधी समज त्यामागे होती.

चाळणी आणि निदान

हेच नियम मोठ्यांच्या प्रश्नावल्यांनाही लागू आहेत. मोबाइलवर 'तुम्हाला नैराश्य आहे का?' असे विचारणाऱ्या पानांचा सुळसुळाट आहे. त्यांतल्या बऱ्याच करमणुकीच्या असतात. काही मात्र खरोखर प्रमाणित आहेत. 'पीएचक्यू-९' ही त्यांतली एक. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. सहसा १० किंवा त्याहून जास्त आल्यास पुढे तपासायचे, असा संकेत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात या रेघेवर तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक सापडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोक बरोबर बाजूला राहिले.

८८ टक्के हा आकडा भरघोस वाटतो. आता हजार लोकांचा एक गाव घेऊ आणि त्यातल्या ५० जणांना नैराश्य आहे असे समजू. प्रश्नावली त्यांतल्या ४४ जणांना पकडेल, ६ जण सुटतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही ती हात वर करायला लावेल. एकूण १५८ जण रेघेच्या वर आले, त्यांत खरोखर आजारी ४४. प्रश्नावली वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती चाळणी आहे. धान्य निवडायचे काम त्यानंतर माणसाने करायचे असते. १० आले म्हणून घाबरून जाऊ नये, ८ आले म्हणून त्रास अंगावर काढू नये, डॉक्टरांशी बोलावे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर 'अजिबात नाही' सोडून दुसरे काहीही असेल, तर बेरीज किती झाली ते न पाहता लगेच मदत घ्यावी. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

पालकांनी काय विचारावे

मुलाची बुद्धिचाचणी करण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासलेले असावेत. ज्याला नीट ऐकू येत नाही, ते मूल प्रश्न चुकवणारच. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, फिट्स आणि त्यावरची गुंगी आणणारी औषधे यांचाही विचार आधी व्हावा. ताप असलेल्या किंवा उपाशी मुलाची चाचणी त्या दिवशी करू नये. चाचणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून झालेली बरी. अहवाल हातात आला की चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : चाचणी कोणती होती, कोणत्या भाषेत झाली, आकड्याभोवतीचा पट्टा किती आणि रोजच्या व्यवहाराची चाचणीही केली का? मूल बोलण्यात चांगले असूनही वाचन-लेखनात अडत असेल, तर प्रश्न बुद्ध्यंकाचा नसून विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा असू शकतो. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. एकदा आलेला आकडा कायमचा नसतो. काही काळाने फेरतपासणी मागता येते. बिने यांचाही आग्रह हाच होता, की आकड्याने मुलाला जखडू नये, शिकवल्याने बुद्धी वाढते.

आता पुन्हा त्या बाकाकडे. मॅडमनी आईला आत बोलावून बसवले आहे. मुलगा दुकानातून मीठ-तेल आणतो आणि उरलेले पैसे बरोबर मोजून देतो. सुट्टीत एकटा शेळ्या राखतो आणि संध्याकाळी एक कमी असली तर त्याच्याच लक्षात येते. कान मात्र लहानपणापासून दर पावसाळ्यात वाहतो. केसपेपरवर ७२ या आकड्याखाली आणखी ओळी येतात : पट्टा ६३ ते ८१, चाचणी मराठीत, घरची भाषा पावरी, व्यवहार वयाच्या जवळपास, कान तपासावा, भाषेवर अवलंबून नसलेली चाचणी पुढच्या भेटीत, तोवर निदान नाही. शाळेसाठी वेगळी चिठ्ठी : याला पुढच्या बाकावर बसवा, सूचना सावकाश द्या, जमेल तिथे पावरीत समजावा.

'मग पुढं शिकेल का हा?' आई विचारते. मॅडम सांगतात, याचे उत्तर या कागदात नाही. आधी कानाचे पाहू. दोघी कागदाची घडी करतात आणि मुलगा आईचा हात धरून कान-नाक-घसा विभागाच्या रांगेकडे निघतो.